नवसाच्या बोकडातला जंत

वऱ्हाडात लोक जातात ते चिखलदऱ्याची हवा खायला, कोर्टाच्या तारखेला, नाहीतर कापसाचा सौदा करायला. मी गेले जंतांसाठी. बडनेऱ्याकडे येणाऱ्या गाडीत शेजारच्या बाईंनी मायेने विचारलं, "कुणाचं लग्नकार्य आहे का?" आणि मी खरं ते सांगितलं. त्यांनी आपला फराळाचा डबा उचलून पलीकडच्या बाकावर नेऊन ठेवला. त्यातच माझ्या वळकटीत गुंडाळलेल्या बाटलीचं बूच सैल झालं आणि सगळीकडे स्पिरिटचा भपका सुटला. पुढचा सगळा प्रवास मला पाय पसरायला ऐसपैस जागा मिळाली.

तेव्हा कुणाला जेवायला बसायचं असेल तर त्याने आधी जेवून यावं आणि मग हे वाचावं.

शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यात एक पांढरा, चपटा, फितीसारखा जंत असतो. चांगला पोसला तर साडीच्या काठाएवढा लांब होतो. त्याला तोंड नाही की पोट नाही. जनावराने खाल्लेलं त्याच्या अंगावरून वाहतं आणि तो ते कातडीतूनच ओढून घेतो. त्याच्या डोक्यामागे बारीक मान असते आणि त्या मानेतून नवी नवी पेरं फुटून मागे सरकत राहतात. म्हणजे मानेजवळची पेरं कोवळी, मधली भरात आलेली आणि शेवटची अंड्यांनी गच्च भरलेली. एका जंतात बाळपणापासून म्हातारपणापर्यंत सगळं ओळीने मांडलेलं सापडतं. मला तरी याहून सोयीचं जनावर माहीत नाही.

माझ्या प्रबंधाचं म्हणणं असं, की जंत वाढतो तसे त्याच्या अंगातले रासायनिक पदार्थही बदलत जातात. आपण कणगीत धान्य भरून ठेवतो तसं प्राण्याचं शरीर एक पिठूळ द्रव्य साठवून ठेवतं. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. कोवळ्या पेरांत ते थोडं असतं, मधल्यांत भरपूर होतं आणि शेवटच्यांत ओसरून त्याच्या जागी चरबी वाढते. हे मी पुण्याच्या मेंढ्यांत दोन वर्षं खपून दाखवलं होतं. प्रबंध परीक्षकांकडे नागपूरला गेला, आणि परत आला. सोबत एवढाच शेरा होता: हे एका गावच्या मेंढ्यांत दिसलं, वऱ्हाडातल्या शेळ्यांत दाखवा, मग बोलू.

बाबांनी मला शिकायला दोन वर्षं दिली होती आणि ती संपत आली होती. मुदत वाढवून द्यायला ते तयार होते, पण एकदाच आणि उन्हाळ्यापर्यंतच. त्यानंतर पदवी असली तर कॉलेजातली नोकरी, नसली तर आत्याने काढून ठेवलेली स्थळं. स्थळं वाईट नव्हती. पण त्यांतल्या एकालाही जंत दाखवता आला नसता, आणि मला उरलेलं आयुष्य जंत सोडून काही करायची इच्छा नव्हती. म्हणून मी माघ संपता संपता सामान बांधलं.

अमरावती

अमरावतीला माझे अप्पामामा वकिली करतात. अंबापेठेत घर आहे. मामा मूळचे आमच्याकडचे, पण मामी पक्की वऱ्हाडातली, आणि घरात चालतं ते मामीचं. मी पाय धुते न धुते तोच मामीने विचारलं, "कुसुम, त्या पेटीत काय हाये? मले खरं सांग."

मी सांगितलं. बाटल्या, कात्र्या, आयोडीन, शुद्ध पाणी, स्पिरिट.

"अन् जंत?"

"ते अजून मिळायचेत."

मामीने बोटाने पेटी दाखवली. "माह्या सैपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे आनायचं नाई. आता जेव."

जेवायला पाटोडीची भाजी होती. आम्ही बेसनाच्या वड्या करतो त्याच, पण इथे त्या लाल तर्रीत पोहतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्याला नाकातून. मामी वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या पुन्यात आमटीत गूळ घालते. आमी तं आजारी मान्साले देतो तसं." मी तिसरा घास जिद्दीने घेतला. चौथ्यापासून ती भाजी मला आवडायला लागली, आणि आता पुण्याची आमटी खरोखरच आजाऱ्याची वाटते.

अमरावतीची भाषा पुण्याच्या कानाला पहिल्यांदा भांडणासारखी ऐकू येते. टांगेवाला "बस्ता का जाता?" म्हणतो तेव्हा तो रागावलेला नसतो, नुसतं विचारत असतो. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की इथे माणसं मनातलं तोंडावर बोलून मोकळी होतात, आणि मग तुमच्यासाठी काय वाटेल ते करतात. आमच्याकडे आधी गोड बोलतात आणि मग काही करत नाहीत. कोणतं बरं, ते वाचकांनी ठरवावं. माझं ठरलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाबाहेरच्या खाटीकखान्यात गेले. मामांनी सोबत कारकून दिला होता, तो फाटकापाशीच थांबला आणि आत आलाच नाही. आत करीमभाई होते. पांढरी दाढी, कमरेला चामड्याचा पट्टा. मला काय हवं ते मी सांगितलं. बाई आतडी मागते म्हणून ते हसतील अशी तयारी ठेवूनच मी गेले होते, पण ते हसले नाहीत. "आँत ले लो बाई, जंत ले लो. वापस मत लाना, बस."

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. आतडी इतकी स्वच्छ, इतकी हलकी, की धुवायला पाणीही फारसं लागेना. पुण्यात मला अर्धा दिवस घाण निपटावी लागे. मी मनातल्या मनात करीमभाईंना पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. पहिल्याच सकाळी दोन बोकडांत जंत मिळाले. लांब, शाबूत, मानेसकट. गावातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला खिडकीजवळचं टेबल दिलं होतं. मी पेरांचे तीन वाटे केले: कोवळी, मधली, शेवटची. आणि आयोडीन टाकलं.

आयोडीनची खूण सोपी आहे. ग्लायकोजेन असेल तिथे विटकरी तपकिरी रंग चढतो. नसेल तर आयोडीनचा आपला फिका पिवळा रंग तेवढा राहतो.

तिन्ही वाट्यांत फिका पिवळाच राहिला.

मी आयोडीन बदललं. मग पाणी बदललं. मग बशा खार लावून धुतल्या आणि प्रयोगशाळेतल्या गड्यावर विनाकारण खेकसले. दुसऱ्या दिवशी नवे जंत आणले, तिसऱ्या दिवशी आणखी. दरवेळी तेच. कुठे एखाद्या मधल्या पेरात तांबूस झाक दिसली तर ती मला दिसायला हवी होती म्हणून दिसत होती. एकीकडे हात काम करत होते आणि दुसरीकडे डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की परीक्षकांचं म्हणणं खरं आहे आणि माझी दोन वर्षं पुण्याच्या चार मेंढ्यांवर वाया गेली. मी सहसा घाबरत नाही. त्या दिवशी घाबरले.

संध्याकाळी जेवताना मामी म्हणाली, "तोंड पाहा कसं झालं. वकिलाच्या घरी खाटीकखान्यातून येऊन राहिली म्हनून लोकं बोलते, ते मी आयकून घेतो. पन तू जेवत नाई, ते मी आयकून नाई घेनार."

मामांनी मात्र वकिली पद्धतीने विचार केला. "एका गावचे साक्षीदार फुटले तर दुसऱ्या गावचे उभे कर. उद्या मी अकोल्याला जातोय. चल."

अकोला

अकोल्याच्या आधी गाडीतूनच काळी जमीन दिसायला लागते. कापूस वेचून झालेला, त्याच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या, मधून मधून ज्वारीचे धांडे आणि लांब कुठेतरी पळस पेटलेला. झाड म्हणून म्हणाल तर बांधावरचं बाभूळ नाहीतर कडुनिंब. आमच्याकडे डोंगर आडवा येतो म्हणून नजर थांबते, इथे नजरेला थांबायला काहीच नाही. मला हे मोकळेपण फार आवडलं.

मामांचे एक पक्षकार होते देवराव पाटील. अकोल्यापासून बंडीने दुपारपर्यंत पोचता येतं अशा गावी त्यांची मोठी शेती आहे. बंडी म्हणजे बैलगाडी. ते मामांना न्यायला कोर्टात आले होते. त्यांच्याकडे कंदुरी होती. वऱ्हाडात पिराला नवस बोलून बोकड कबूल करतात आणि तो फेडताना पिरापाशीच जेवण घालतात, त्याला कंदुरी म्हणतात. हिंदूंची घरंही ती करतात. देवरावांची सून बाळंतपणात जाता जाता वाचली होती, तान्हं पोरही वाचलं, आणि त्यासाठी देवरावांच्या बायकोने, गोदाबाईंनी, हा बोकड कबूल केला होता.

"तुमच्या भाचीले बी घेऊन या," मामांकडून माझं काम ऐकून देवराव म्हणाले. "जंत पाहाले भेटन तिले. आमच्यात कोनी नाई म्हनत नाई."

अकोल्याचा बाजार बघायचा मी ठरवलं होतं, पण कापल्याबरोबर ताजं आतडं मिळणार म्हटल्यावर मी बाजार सोडला आणि पेटी बंडीत चढवली.

हा मुलूख खाऱ्या पाण्याचा आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. देवरावांकडे पहिला चहा मिळाला तो मिठाचा. मी कप खाली ठेवायला गेले तर गोदाबाई समोरच उभ्या. ठसठशीत कुंकू, काळ्या काठाचं लुगडं, आणि नजर अशी की कप परत उचलावाच लागला. "आमची डाळ बी या पान्यात शिजत नाई," त्या म्हणाल्या. "गोडं पानी तळ्यावरून आनतो, ते सुनेले अन् पोट्ट्याले. बाकी सगळे खारंच पेतो." माझ्या पेटीत शुद्ध पाण्याच्या बाटल्या होत्या. मी त्यांतली एक सुनेच्या खोलीत नेऊन दिली. गोदाबाईंनी ती देव्हाऱ्यात ठेवली.

पिरापाशी

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गोतावळा पिराकडे निघाला. शेताच्या कडेला कडुनिंबाखाली हिरवी चादर घातलेली मजार, तिचा सांभाळ करणारे एक म्हातारे मुजावर, आणि तीन दगडांच्या चार-पाच चुली. बायका भाकरी थापायला बसल्या. आम्हा शाकाहारी मामा-भाचींसाठी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला टाकले आणि वांग्याची भाजी वेगळ्या चुलीवर चढवली. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, भाजला की बाहेरून दगड आणि आतून मऊ. तुपात बुडवून खायचा. नको म्हणून चालत नाही.

बोकड गळ्यात हार घालून उभा होता. काळाभोर, अंगाने भरलेला. गोदाबाई त्याला परातीतून भिजवलेली ज्वारी आणि गूळ चारत होत्या. तो खायचा थांबला की त्याच्या मानेला खाजवत आणि पुन्हा परात पुढे करत. "नवसाचा हाये. त्याले उपाशी कसं धाडाव?" त्या मला म्हणाल्या. दोन महिने त्या रोज स्वतःच्या हाताने त्याला खाऊ घालत होत्या. मुजावर येऊन उभे राहिले तरी शेवटचा घास त्याच्या तोंडात होता.

मी जास्त लिहीत नाही. आतडं माझ्या हातात आलं तेव्हा ते जड होतं. "पाहून घ्या अन् वापस करा," देवराव म्हणाले. आतड्यातून ज्वारीचा लगदा निघतच राहिला. त्यातून मी एक जंत सोडवला, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा. निंबाखाली पाट मांडला, पेरांचे तीन वाटे केले, आयोडीन टाकलं.

कोवळ्या पेरांवर हलका रंग आला. शेवटच्यांवर थोडा, डागाडागांनी. आणि मधल्या पेरांवर विटकरी तपकिरी रंग चढत चढत असा गडद झाला की मी बशी उचलून उन्हात धरली. तोच माझा पुण्याचा रंग होता. 

मग मला दिसलं. आयोडीन तेच होतं, पाणी तेच, हातही माझेच. फरक होता तो बोकडाच्या पोटात. अमरावतीची ती हलकी, स्वच्छ आतडी, ज्यांच्यासाठी मी करीमभाईंना पैकीच्या पैकी गुण दिले, ती स्वच्छ होती कारण त्यांत काही नव्हतंच. ती जनावरं आदल्या दिवसापासून उपाशी होती. आणि पुण्यातल्या माझ्या खाटकाच्या मेंढ्या सकाळी चरून दुपारी यायच्या. जंताला स्वतःचं पोट नाही. यजमान उपाशी राहिला की जंत आपली कणगी रिकामी करतो. माझा प्रबंध खोटा नव्हता, अर्धवट होता. आणि उरलेला अर्धा आत्ता माझ्या हातात होता.

मला इतका आनंद झाला की मी उभी राहून सगळ्यांना सांगायला लागले. बायका भाकरी सोडून आल्या. मी बशी गोदाबाईंपुढे धरली. "हा रंग बघा. हे या जंताच्या अंगातलं साठवणीचं आहे. आणि ते आलं कुठून? तुम्ही घातलेल्या ज्वारीतून. तुम्ही बोकडाला चारलंत ते याच्या अंगात असं साठलं. ही तुमचीच ज्वारी आहे."

गोदाबाईंनी बशीत वाकून पाहिलं. "माही ज्वारी?"

"तुमचीच."

सगळ्यांना फार गंमत वाटली. मामासुद्धा खूश झाले. मी बसले आणि तिन्ही वाटे स्पिरिटच्या बाटल्यांत भरायला घेतले. हे घेऊन मी पुण्याला जाणार, वजनं करणार, नेमकी मापं काढणार. प्रबंध बचावला होता.

"हे काय करून राहिली?" गोदाबाईंनी विचारलं.

"पुण्याला नेते."

"नेता नाई येत."

मला आधी वाटलं, त्या मस्करी करताहेत. मग देवराव पुढे आले आणि त्यांनी समजावलं. कंदुरीचं काही शिवेबाहेर जात नाही. इथेच खायचं, उरलं तर इथेच पुरायचं. भाकरीचा तुकडाही घरी नेत नाहीत. नेलं तर नवस फिटत नाही. आणि हा नवस सुनेच्या आणि तान्ह्या पोराच्या जिवाचा होता.

मी वाद घातला. वाद घालणं हा माझा स्वभाव आहे आणि मी त्यात बरी आहे. मी म्हटलं, नवस बोकडाचा आहे, जंताचा नाही. जंत वेगळा प्राणी. तो बोकडात राहतो म्हणून बोकड होत नाही. घरात चोर शिरला तर तो घरचा होत नाही. तुम्ही पिराला बोकड कबूल केला होता, त्यातला चोर नाही. मामा मान हलवत होते, वकिलाला पटावं असं ते बोलणं होतं. एक-दोघा म्हाताऱ्यांनाही पटलं असावं.

देवराव शांतपणे म्हणाले, "बाई, तुमीच तं आत्ता सांगतलं सगळ्यायसमोर, का हे बोकड्यानं खाल्लेली ज्वारी हाये म्हनून."

"मंग ते नवसाचंच झालं," गोदाबाई म्हणाल्या. "माह्या हातची नवसाची ज्वारी शिवंबाहेर कशी जाईन?"

मी मुजावरांकडे पाहिलं. ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "नवस बाईनं बोलला, फैसला बी बाईचाच."

 मीच सिद्ध केलेल्या गोष्टीला मी कसं उत्तर देणार? त्यांचं म्हणणं बरोबर होतं, याचाच मला भयंकर राग आला. मी दोन बाटल्या गोदाबाईंच्या हातात दिल्या. तिसरी, मधल्या पेरांची, मी आधीच पेटीत कापसाच्या बोळ्याखाली ठेवली होती आणि ते कुणी पाहिलं नव्हतं. ती एक बाटली नेली असती तरी माझं काम झालं असतं. मी पेटीचं झाकण लावलं. मग सून समोर आली. ती कंदुरीपुरती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, पोर खांद्यावर, चेहरा अजून पिवळट. तिने मला पाणी प्यायला दिलं. तळ्यावरचं, गोडं.

मी झाकण उघडलं आणि तिसरी बाटली काढून दिली. स्पिरिट बांधावर नेऊन ओतलं. मुजावरांनी निंबापासून दूर खड्डा केला, त्यात उरलेल्या अन्नाबरोबर माझा जंत गेला. मी तोंड फिरवून रडले, आणि मामांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

गोदाबाई मात्र आल्या आणि शेजारी बसल्या. "तोंड काहून पाडलं व माय? जंतच पाहिजे ना तुले?"

"जंत असलेलं जनावर पाहिजे. आणि पोटभर खाल्लेलं."

"गोठ्यात पाठ हाये एक. दोन खेपा गाभडली, ठेवून बी काय करू? तिच्या लेंडीत तांदळाचे दाने पडल्यावानी पांढरं दिसते. ते तुहेच जंत ना?"

तेच होते. पाठ म्हणजे तरणी शेळी; हिचा गाभ दोनदा पडला होता. ते पांढरे दाणे म्हणजे जंताची गळून पडलेली पेरं. बाजारातल्या कुठल्या जनावरात जंत आहे हे कापल्याशिवाय कळत नाही, हिचं आधीच कळलं होतं.

"ते नवसाची नाई," गोदाबाई म्हणाल्या. "खुशाल ने."

पुन्हा अमरावती

शेळी गार्डाच्या डब्यातून अमरावतीला आली. तिला घेऊन मामा घरात शिरले तेव्हा शेजारच्या वकिलांनी कुंपणावरून विचारलं, "काय अप्पासाहेब, फी वस्तूंत घेऊन राहिले का आता?" मामा दोन दिवस बाररूममध्ये गेले नाहीत.

मला वाटलं मामी उंबरा अडवून उभी राहील. तिने शेळीकडे पाहिलं, शेळीने तिच्याकडे पाहिलं, आणि मामी आत जाऊन सकाळची पोळी घेऊन आली. "पाहुनी आली तं काही द्याव लागन का नाई?"

करीमभाईंना मी जनावरांच्या चाऱ्याचं विचारून आले. "कटनेवाले को चारा कौन डालता बाई?" ते म्हणाले, आणि माझा शेवटचा संशयही गेला. आता मला हवं होतं ते एवढंच, की या शेळीने आठवडाभर भरपूर खावं आणि शेवटच्या क्षणापर्यंत खात राहावं. मी सकाळ-दुपार-संध्याकाळ तिला भिजवलेली ज्वारी घालत होते. तिला नाव ठेवलं नाही, मुद्दामच. तिने मामीची तुळस खाल्ली, मामांच्या एका दाव्याची दोन पानं खाल्ली, आणि नंतर नंतर मी दिसले की दावं ताणून माझ्याकडे येऊ लागली. ज्वारी संपली तरी हात चाटत राहायची. तिची जीभ खरखरीत होती.

मामीला ती कशासाठी आणली आहे हे माहीत होतं. तरी शेवटच्या संध्याकाळी ती ओसरीवर येऊन म्हणाली, "दुसरी नाई का चालनार?"

"नाही."

"मंग उद्या तिले मी नाई घालनार खायले. तूच घाल."

सकाळी मी तिला चारत चारत नेलं. ओच्यात ज्वारी घेतली होती. रस्ताभर ती खात होती, मध्येच थांबून माझ्या हातात नाक खुपसत होती. करीमभाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "पाल के लाई?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी सुरी उचलली. मी ओंजळ तिच्या तोंडापुढे धरून उभी राहिले, बाजूला झाले नाही. बाजूला होऊन चाललं नसतं.

जंत दोन निघाले. मी त्यांची पेरं तिथेच वेगळी केली, एका जंताची स्पिरिटमध्ये घातली, दुसऱ्याच्या पेरांवर प्रयोगशाळेत आयोडीन टाकलं. कोवळ्या पेरांवर हलका रंग, मधल्यांवर गडद विटकरी, शेवटच्यांवर ओसरलेला. जसा हवा होता तसा. मी खरी ठरले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, अगदी पोटातून आनंद झाला. आणि त्याच वेळी माझ्या तळहाताला ज्वारीचा आणि तिच्या लाळेचा वास येत होता.

घरी मामीने पान वाढलं. मी बसले आणि मला घास घेववेना. मामी जवळ येऊन बसली. तिने भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "जेव," ती म्हणाली. "ते तं जेवून गेली." मग आम्ही दोघी रडलो आणि मी जेवले.

नागपूर

तोंडी परीक्षेला परीक्षकांनी मला नागपूरलाच बोलावलं. ठेंगणे, कडक, चष्मा कपाळावर. उपाशी आणि भरल्या पोटाच्या जनावरांतल्या जंतांचं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलेलं दिसत होतं. बाकी सगळं सोडून त्यांनी तेच उघडलं.

"सगळी भिस्त या एका शेळीवर आहे. आणि ही शेळी शेवटपर्यंत उपाशी नव्हती, हे कशावरून? लोक सांगतात काहीही. माझा सांगोवांगीवर विश्वास नाही."

"सांगोवांगी नाही, सर."

"मग शेवटचं तिला खायला कोणी घातलं?"

"मी," मी म्हटलं. "या हाताने. सुरी फिरली तेव्हा ती माझ्या ओंजळीतून खात होती."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग प्रबंध मिटला, पहिलं पान उघडलं आणि सही केली.

मी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. बाबांना तार करायची होती, पण लगेच उठावंसं वाटलं नाही.